महाबळेश्वरच्या बदल्यात मुन्नार

सुट्टी ही वस्तू पूर्वी बाजारात मिळत नसे. ती वरिष्ठांकडे अर्ज करून मागून घ्यावी लागे आणि मिळालीच, तर आजोळी किंवा एखाद्या नातलगाच्या बिऱ्हाडी नेऊन खर्चावी लागे. आता सुट्टी ठोक भावाने मिळते. एकदम पंचवीस वर्षांची! या व्यवहाराला टाइमशेअर म्हणतात. घर विकत घ्यायचे नाही, खोलीही घ्यायची नाही. खोलीतल्या वेळेचा हिस्सा घ्यायचा. वर्षाच्या बावन्न आठवड्यांतला एक तुमचा आणि बाकीचे एकावन्न परक्यांचे. आमच्या आजोबांचा कोकणातल्या घरात चार आणे हिस्सा होता, आणि त्यापायी दोन पिढ्यांनी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. माझ्या हिश्श्यात भांडायला भाऊबंद नाहीत, एवढी तरी प्रगती झाली म्हणायची.

ही कल्पना युरोपातली. १९६३ साली स्वित्झर्लंडमध्ये हापिमाग नावाची संस्था निघाली. तिचे भाग घेणाऱ्याला संस्थेच्या ठिकठिकाणच्या घरांत राहण्याचा हक्क मिळे. पुढे अमेरिकेत सदनिका आठवड्या-आठवड्याने विकल्या जाऊ लागल्या आणि एक अगदी मानवी अडचण उभी राहिली. तोच समुद्र, तीच खिडकी. माणसाने किती वर्षे पाहावी? १९७४ साली इंडियानापोलिस शहरातल्या डीहान पती-पत्नींनी त्यावर तोडगा काढला. त्यांनी आर.सी.आय. नावाची संस्था सुरू केली. तुम्ही तुमचा आठवडा तिच्याकडे ठेवायचा आणि दुसऱ्या कोणी ठेवलेला आठवडा घेऊन जायचे. दोन वर्षांनी, १९७६ मध्ये, इंटरव्हल इंटरनॅशनल ही तशीच दुसरी संस्था निघाली. थोडक्यात, नाण्यांच्या आधी जगात चालत असे तोच हा मालाला माल देण्याचा व्यवहार. फरक एवढाच, की जोंधळे देऊन मीठ घेणाऱ्याला समोर दोन्ही ढीग दिसत. इथे दोन्ही ढीग कागदावर असतात.

मी आयुष्य बँकेत काढले. त्यामुळे ‘अदलाबदल मोफत आणि सोयीची’ असे कोणी म्हटले, की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. २००९ साली, निवृत्तीला थोडी वर्षे उरली असताना, आम्ही महाबळेश्वरची अशी एक योजना घेतली. कंपनीचे नाव सांगण्यात अर्थ नाही. सगळ्यांचे करारपत्र साधारण एकाच वळणाचे असते. पंचवीस वर्षांसाठी दोन लाख दहा हजार रुपये दिले. त्याखेरीज दर वर्षी देखभालीचे शुल्क. ते आता करासह सोळा हजार आठशेवर आले आहे. त्या बदल्यात दर वर्षी आमच्या नावे ७०० पॉइंट जमा होतात. मे महिन्यातल्या एका रात्रीला १०० पॉइंट, पावसाळ्यातल्या रात्रीला ५०. वर्षअखेर जे उरतील ते बुडीत.

आमच्या सौभाग्यवतींनी ठाण्याच्या शाळेत तीस वर्षे भूगोल शिकवला. पॉइंट या शब्दाचा त्यांना राग आहे. “महाबळेश्वरला पॉइंट म्हणजे ऑर्थरसीट आणि विल्सन. तुमचे हे सातशे कुठले?” असे त्या पहिल्या वर्षी म्हणाल्या होत्या. परंतु दर मे महिन्यात लेक, जावई आणि दोन नातवंडे बेंगळुरूहून येऊ लागली, वेण्णा तळ्यावर होड्या आणि मक्याची कणसे सुरू झाली आणि पॉइंटांबद्दलची तक्रार मिटली.

२०२४ साली मात्र दोन गोष्टी एकदम घडल्या. जावईबापूंना मे महिन्यात तीनच दिवसांची रजा मिळाली. म्हणजे ३०० पॉइंटांत त्यांची सोय होणार आणि ४०० उरणार. आणि डॉक्टरांनी सौ.च्या उजव्या गुडघ्याचा फोटो उजेडासमोर धरून सांगितले, “वर्ष-दीड वर्षात शस्त्रक्रिया करावी लागेल. तोवर चढउतार बेताने.”

घरी येईपर्यंत ती काही बोलली नाही. चहा झाल्यावर म्हणाली, “अहो, तीस वर्षं मी मुलांना फळ्यावर लिहून दिलं, हिमालयाच्या दक्षिणेला भारतातलं सर्वांत उंच शिखर अनैमुडी. उंची २६९५ मीटर. मी ते पाहिलेलं नाही.”

वाचकहो, बायकोने दागिना मागितला तर नवऱ्याला भाव सांगून वेळ काढता येतो. शिखर मागितले तर काय सांगणार?

अनैमुडी केरळात, मुन्नारजवळ. आमच्या कंपनीचे तिथे निवासस्थान नाही. तेव्हा दोनच मार्ग. एक, रोख पैसे मोजून हॉटेल. दुसरा, आमचे पॉइंट अदलाबदलीच्या संस्थेत ठेवून त्या बदल्यात मुन्नारचा आठवडा. शेजारचे नाना याच योजनेचे सभासद. ते म्हणाले, “अहो, पैसे भरलेलेच आहेत! बदलून घ्या. फुकटात मुन्नार!” हे ‘फुकटात’ मला खटकले. मी वही उघडली.

टाइमशेअर विकणारा माणूस तुम्हाला जो हिशेब दाखवतो तो असा: दोन लाख दहा हजार भागिले पंचवीस, म्हणजे वर्षाला आठ हजार चारशे; त्यात शुल्क सोळा हजार आठशे; एकूण पंचवीस हजार दोनशे; सात रात्रींनी भागले की रात्रीला तीन हजार सहाशे. हिशेब बरोबर आहे, पण अदलाबदल करावी की नाही हे ठरवायला तो काडीच्या उपयोगाचा नाही. कारण ते पैसे गेलेले आहेत. मी मुन्नारला गेलो, महाबळेश्वरला गेलो किंवा ठाण्यात गॅलरीत बसून राहिलो, तरी ते परत येणार नाहीत. गेलेल्या पैशाला पिंडदान करावे. त्याला सल्लागार नेमू नये.

मग मोजायचे काय? दोनच गोष्टी. अदलाबदलीसाठी नव्याने खिशातून काय जाणार, आणि जे पॉइंट देणार त्यांचे आपण एरवी काय केले असते.

पहिली गोष्ट सोपी. संस्थेची वर्षाची वर्गणी साडेतीन हजार आणि प्रत्येक अदलाबदलीचे शुल्क साडेदहा हजार. मिळून चौदा हजार. नानांचे ‘फुकट’ इथेच संपले.

दुसरी गोष्ट अवघड, कारण तिथे माणूस स्वतःला फसवतो. अदलाबदलीच्या पेढीत सगळे आठवडे सारखे नसतात. हंगाम कोणता, खोल्या किती, त्या जागेला मागणी किती आणि तुम्ही किती आधी ठेवता, यावर तुमच्या आठवड्याचे वजन ठरते. मेचा आठवडा ठेवला तर बदल्यात जवळजवळ काहीही मागता येते. पावसाळ्यातला ठेवला तर पावसाळ्यासारखेच काहीतरी मिळते. नाना ठेवणार होते मे महिन्याचा आठवडा. महाबळेश्वरला मे महिन्यात आमच्यासारखी दोन खोल्यांची जागा रोख घ्यायची तर रात्रीला आठ हजार पडत होते. सात रात्रींचे छप्पन्न हजार. मुन्नारला सप्टेंबरात तशीच जागा साडेचार हजारांना मिळत होती. सात रात्रींचे साडेएकतीस हजार. म्हणजे छप्पन्न हजारांची वस्तू द्यायची, वर चौदा हजार दक्षिणा द्यायची आणि साडेएकतीस हजारांची वस्तू घरी आणायची! भांडी देणारी बोहारीणसुद्धा इतकी उदार गिऱ्हाइके पाहत नाही.

आमचे मात्र वेगळे होते. मेच्या तीन रात्री आम्ही वापरणारच होतो. उरलेल्या चारशेपैकी ३५० पॉइंटांत पावसाळ्यातला एक आठवडा येत होता. तो आम्ही एरवी कुठे घालवला असता? फार तर महाबळेश्वरच्या धुक्यात, खिडकीबाहेर पांढरा पडदा बघत. त्या दिवसांत तिथे खोल्या रात्रीला दोन हजारांतही मिळतात. तेव्हा आम्ही देणार होतो तो आठवडा फार तर चौदा हजारांचा. त्यात वर्गणी आणि शुल्काचे चौदा हजार मिळवले, की अठ्ठावीस हजार. आणि मिळणार साडेएकतीस हजारांची जागा. नफा साडेतीन हजार. गाडीभाडे मी धरले नाही, कारण मुन्नारला कोणत्याही रीतीने राहिलो तरी ते तेवढेच. मुन्नारला जायचे की नाही हा एक प्रश्न आणि तिथे राहायचे कसे हा दुसरा. या दोहोंची खिचडी केली की हिशेब कधीच सुटत नाही.

साडेतीन हजार ही काही नाचण्याजोगी रक्कम नव्हे. त्यातही एक मेख होती. मुन्नारला लोक बहुधा दोन-तीन रात्री राहतात. तीन रात्रींचे रोख भाडे होते साडेतेरा हजार. म्हणजे नुसत्या वर्गणी-शुल्कापेक्षाही कमी! तीनच रात्री राहायचे असेल तर अदलाबदलीचे नावही काढू नये. सातही रात्री एका जागी काढणार असाल तरच ती परवडते.

मी वही सौ.पुढे ठेवली. तिने शेवटची ओळ तेवढी वाचली आणि म्हणाली, “सातही रात्री. शिखर काही आपल्या सोयीनं दिसत नाही.”

संस्थेला दूरध्वनी केला. पलीकडची मुलगी मोठी गोड होती. “सर, मुन्नारची यादी लागेल. कोडाईकनाल लगेच देते. तेही डोंगरच आहेत!”

सौ.ने माझ्या हातातून फोन घेतला. “बाळ, कोडाईकनाल पळणीच्या डोंगरात. मला अनैमलईतलं हवं आहे.” पलीकडे शांतता. बहुधा इतक्या बारकाईने डोंगर मागणारे गिऱ्हाईक तिला प्रथमच भेटले असावे.

इथे एक सांगण्यासारखे आहे. अदलाबदल म्हणजे मागणी; ती पुरी होईलच असे नाही. जो तारखेला हट्टी, त्याने ठिकाणाला सैल असावे. जो ठिकाणाला हट्टी, त्याने तारखेला. आम्ही तारीख मोकळी सोडली. सहा आठवड्यांनी उत्तर आले: शनिवार २१ सप्टेंबर ते शनिवार २८ सप्टेंबर. पंचांग पाहिले तर ऐन पितृपक्ष! नाना म्हणाले, “पितृपक्षात कोण घराबाहेर पडतं?” मी म्हटले, “कोणी पडत नाही, म्हणूनच तर मिळाला.” सासूबाईंची तिथी त्या आठवड्यात नव्हती, एवढे पाहून घेतले आणि होकार कळवला.

गणपती पोचवून आम्ही ठाण्याला नेत्रावती एक्सप्रेसमध्ये बसलो. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली नसती, तर हा प्रवास मोठा वळसा घालून करावा लागला असता. रात्रभर बोगदे आणि पाऊस, सकाळी नारळ आणि खाड्या, आणि मग आलुवा. तिथून मुन्नार सुमारे एकशे दहा किलोमीटर. नेरियमंगलमला पेरियार नदीवरच्या १९३५ सालच्या पुलावरून मोटार पलीकडे गेली, की घाट सुरू होतो. चीयप्पारा धबधबा अगदी रस्त्याला खेटून कोसळतो. तिथे थांबून लोक वाफाळता चहा पितात आणि धबधब्याकडे पाठ करून स्वतःचे फोटो घेतात.

घाट चढताना सौ. खिडकीला चिकटून बसली होती. “हा आपलाच सह्याद्री बरं का,” ती चालकाला मराठीत सांगत होती. “तापीच्या दक्षिणेला सुरू होतो तो इथवर येतो.” त्याला एक अक्षर समजले नसावे, पण त्याने मान डोलावली. शिक्षिकेच्या आवाजाला भाषा लागत नाही.

मुन्नार या नावाचा अर्थ तीन नद्या. मुद्रपुळा, नल्लतण्णी आणि कुंडला या तिघींचा तिथे संगम होतो. समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरांवरचे हे गाव. बाजारपेठ लहान, आणि सभोवती डोंगरामागून डोंगर चहाचे. चहाचा मळा प्रथम पाहणाऱ्याला वाटते, कोणी तरी डोंगरांची हजामत केली आहे. इतका तो नेटका. १९०८ पासून इथे कुंडला खोऱ्यात चिमुकली आगगाडीसुद्धा होती. ती टॉप स्टेशनपर्यंत चहा नेई आणि तिथून तो दोरमार्गाने खाली तमिळ मुलखात उतरे. १९२४ च्या जुलैत महापूर आला आणि रूळ, पूल सारे वाहून गेले. ती गाडी पुन्हा कधी सुरू झाली नाही. टॉप स्टेशन हे नाव मात्र राहिले. गाडीवाचून स्टेशन.

आमची जागा छान होती. दोन खोल्या, लहानसे स्वयंपाकघर, आणि खिडकीतून चहाची उतरण. आल्याबरोबर कारकुनाने गॅस आणि विजेचे म्हणून वेगळे बाराशे रुपये मागितले. करारपत्राच्या मागल्या बाजूला ते बारीक अक्षरांत होते. मी भिंगाने वाचून ठेवले असल्याने मुकाट्याने दिले. साडेतीन हजारांचा नफा तेवीसशेवर आला. तुम्हीही मागली बाजू वाचा. काही ठिकाणी जेवणाचे पैसे सक्तीने घेतात, आणि तसे असेल तर सगळा हिशेब उलटतो.

रविवारी आम्ही एरविकुलम राष्ट्रीय उद्यानात गेलो. १९७८ साली हे राष्ट्रीय उद्यान झाले. फाटकापासून वनखात्याची बस राजमलापर्यंत वर नेते. पुढे पायी चढाचा रस्ता. सौ. माझ्या खांद्यावर हात ठेवून सावकाश चालली. नीलगिरी ताहर नावाचे रानबोकड अगदी रस्त्याकडेला चरत होते, शाळा सुटल्यावर मुले उभी राहावीत तसे निर्धास्त. कुरिंजीची झुडपेही दिसली. त्यांना बारा वर्षांतून एकदा निळी फुले येतात, २०१८ ला आली होती, आता २०३० ला. सगळे दिसले. अनैमुडी तेवढे नव्हते. त्याच्या जागी करड्या ढगाची भिंत उभी होती.

“तिकडेच आहे,” ती म्हणाली, आणि बराच वेळ त्या ढगाकडे पाहत राहिली.

आमच्याबरोबर बसमध्ये पुण्याची मंडळी होती. प्रवासी कंपनीबरोबर आलेली. त्यांच्या दोन रात्री संपल्या होत्या. दुपारी जेवून ती तेक्कडीला निघाली. शिखर दिसले नाही म्हणून कोणी हळहळले नाही. त्यांच्या यादीत ते ‘पाहिले’ या खुणेखाली गेलेच होते.

आम्ही राहिलो. सोमवारी पाऊस. मंगळवारी पाऊस. सौ.ने मरयूरचा गूळ आणवून सांजा केला. बुधवारी ऊन पडले, तसे नल्लतण्णीच्या चहा संग्रहालयात गेलो. पाने कशी सुकवतात, कशी कुस्करतात ते पाहिले. परतताना एका उतारावर पाने खुडणाऱ्या बायका कंबरेपर्यंत झुडपांत उभ्या होत्या. २०१५ च्या सप्टेंबरात याच बायकांनी बोनस आणि मजुरीसाठी मुन्नारचा रस्ता अडवला होता. कोणत्याही पुढाऱ्याला जवळ येऊ दिले नव्हते. स्वतःच्या श्रमाचा हिशेब स्वतः करणाऱ्या त्या बायकांपुढे माझी वही मला फारच पोरकट वाटली.

गुरुवारी पहाटे खिडकीबाहेर आकाश धुतल्यासारखे होते. “उठा,” ती म्हणाली. पहिल्या बसने आम्ही पुन्हा राजमलाला गेलो. पुन्हा तिकीट, पुन्हा खांद्यावर हात. दुसऱ्या वळणावर ती थांबली. मला वाटले, गुडघा. पण ती वर पाहत होती. हत्तीने मस्तक किंचित झुकवून उभे राहावे तसा काळाभोर कडा, त्यावर गवताची हिरवी झूल, आणि वर काहीच नाही. ढग नाही, धुके नाही. अनैमुडी म्हणजे हत्तीचे मस्तक. नाव ठेवणाऱ्याने नीट पाहून ठेवले आहे.

शेजारी एक आठ-नऊ वर्षांचा मुलगा चॉकलेट खात उभा होता. सौ. त्याला म्हणाली, “दोन हजार सहाशे पंचाण्णव मीटर. आणि कळसूबाई किती?” तो कानडी बोलणारा निघाला, आईच्या मागे लपला. “एक हजार सहाशे सेहेचाळीस,” तिने स्वतःच उत्तर दिले, आणि पदराने डोळे टिपले. पंचवीस मिनिटांनी खालून ढग वर आले आणि पडदा पडला.

आता आलेले पाहुणे विचारतात, अदलाबदल करावी का? मी सांगतो: जो हंगाम तुमच्या माणसांच्या उपयोगाचा आहे तो देऊ नका, जो वाया जाणार तोच द्या. वर्गणी, शुल्क आणि जागेवरचे पैसे मिळवून त्याच जागेच्या रोख भाड्याशी ताडून पाहा. सातही दिवस राहणार नसाल तर रोख मोजा आणि मोकळे व्हा. आणि इतके करूनही फरक दोन-चार हजारांचाच निघाला, जसा बहुधा निघतो, तर पेन्सिल खाली ठेवा आणि घरात कोणाला काय पाहायचे राहिले आहे ते विचारा.

२०२५ च्या फेब्रुवारीत सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीचे सगळे पॉइंट मे महिन्यात महाबळेश्वरला नातवंडांनी संपवले. अदलाबदलीचा विषयही निघाला नाही. २०२४ चे उरलेले पन्नास पॉइंट वर्षअखेरीस बुडाले. त्यांची मी वहीत रीतसर नोंद केली आहे.